कृष्णवर्णीयांचा इतिहास, विद्यापीठ आणि न्यायाची साक्ष

दिव्य कुरआनच्या सूरह अर-रूममध्ये अल्लाहने आकाश व पृथ्वीच्या निर्मितीबरोबरच माणसांच्या भाषांमधील आणि रंगांमधील भिन्नतेचा उल्लेख केला आहे आणि त्यात ज्ञानवंतांसाठी निशाण्या आहेत असे सांगितले आहे. या ठिकाणी संबोधन ज्ञानवंतांना आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. रंगांची भिन्नता ही डोळ्यांना दिसणारी गोष्ट असली तरी तिच्यातील निशाणी ओळखण्यासाठी ज्ञान लागते. मग जी स्थाने स्वतःला ज्ञानाची केंद्रे म्हणवतात, त्यांनी या निशाणीचे काय केले, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

हा प्रश्न आज आपल्याही घरांपर्यंत आला आहे. आपल्या समाजातील मुले-मुली उच्च शिक्षणासाठी ब्रिटनला जातात आणि पहिल्या सत्राची घडी बसते न बसते तोच ऑक्टोबर उजाडतो. त्या महिन्यात तेथील विद्यापीठांमध्ये ‘ब्लॅक हिस्टरी मंथ’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचा महिना, पाळला जातो. व्याख्याने होतात, प्रदर्शने भरतात, ग्रंथालयात निवडक ग्रंथ मांडले जातात. अशा कार्यक्रमांत आपल्या मुलांनी भाग घ्यावा काय? एका वंशाचा गौरव करणे म्हणजे इस्लामने निषिद्ध ठरवलेली ‘असबियत’, अर्थात वांशिक दुराभिमान तर नव्हे? काही पालकांच्या मनात ही शंका येते आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर देण्यापूर्वी हा महिना आला कोठून, हे थोडक्यात पाहू.

कार्टर वुडसन हे अमेरिकेतील एक कृष्णवर्णीय इतिहासकार होते. त्यांच्या माता-पित्यांनी गुलामगिरी भोगली होती. तरुणपणी वुडसन यांनी कोळशाच्या खाणीत काम केले आणि पुढे 1912 मध्ये हार्वर्ड विद्यापीठातून इतिहासाची डॉक्टरेट मिळवली. अमेरिकेच्या पाठ्यपुस्तकांत आपल्या लोकांचा उल्लेख केवळ ओझी वाहणारे म्हणून येतो, किंवा येतच नाही, हे त्यांनी जवळून पाहिले होते. ज्या समाजाचा इतिहास नोंदला जात नाही त्याला जगाच्या विचारात स्थान उरत नाही, अशी त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी 1926 च्या फेब्रुवारीत इतिहासाचा एक सप्ताह सुरू केला. 1970 मध्ये ओहायो राज्यातील केंट स्टेट विद्यापीठाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी व शिक्षकांनी त्या सप्ताहाचा महिना केला आणि 1976 मध्ये त्याला राष्ट्राध्यक्षांची मान्यता मिळाली. ब्रिटनमध्ये तो 1987 पासून ऑक्टोबरात पाळला जातो. तेथे त्याची सुरुवात करणारे अकयाबा अदाई-सेबो हे मूळचे घानाचे. त्यांच्या एका सहकारी स्त्रीच्या लहान मुलाने ‘मी गोरा का नाही?’ असे आईला विचारले आणि त्या प्रश्नाने आपण अस्वस्थ झालो, असे त्यांनी सांगितले आहे.

तेव्हा या उपक्रमाच्या मुळाशी इतरांना कमी लेखण्याची इच्छा नाही. आपल्या लेकरांना स्वतःची लाज वाटू नये, एवढीच तळमळ आहे.

आता एका विद्यापीठाचे उदाहरण जरा विस्ताराने पाहू, कारण त्यात या विषयाच्या दोन्ही बाजू एकत्र आल्या आहेत. स्कॉटलंडमधील ग्लासगो विद्यापीठ 1451 मध्ये स्थापन झाले. ग्लासगो शहराची भरभराट मुख्यतः तंबाखू आणि साखरेच्या व्यापारावर झाली. तंबाखू व्हर्जिनिया-मेरीलँडच्या मळ्यांतून येई, साखर जमैकासारख्या कॅरिबियन बेटांवरून. दोन्हीकडे राबणारे हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे होते. 18 व्या शतकाच्या अखेरीस याच विद्यापीठाने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध ब्रिटिश संसदेकडे अर्ज केला होता आणि त्याचा त्याला दीर्घकाळ अभिमान वाटत आला.

याच विद्यापीठात 1832 मध्ये जेम्स मॅक्यून स्मिथ नावाचा एक तरुण दाखल झाला. त्याचा जन्म 1813 साली न्यूयॉर्कमध्ये गुलामीत झाला होता. न्यूयॉर्क राज्यात 1827 च्या 4 जुलैला गुलामगिरी संपुष्टात आली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. अत्यंत बुद्धिमान असूनही केवळ रंगामुळे अमेरिकेतील महाविद्यालयांची दारे त्याच्यासाठी बंद होती, म्हणून त्याला महासागर ओलांडावा लागला. ग्लासगोत त्याने 1835 मध्ये बी.ए., 1836 मध्ये एम.ए. आणि 1837 मध्ये वैद्यकशास्त्राची एम.डी. पदवी मिळवली. वैद्यकशास्त्राची पदवी मिळवणारा तो पहिला आफ्रिकन-अमेरिकन होय. शिकत असतानाच तो गुलामगिरीविरोधी संघटनेत काम करू लागला होता.

न्यूयॉर्कला परतून स्मिथ यांनी दवाखाना व औषधालय थाटले आणि कृष्णवर्णीय अनाथ मुलांच्या आश्रमात डॉक्टर म्हणून सेवा केली. परंतु त्यांचे एक कार्य विद्यार्थ्यांनी विशेष अभ्यासण्यासारखे आहे. अमेरिकेच्या 1840 च्या जनगणनेत असे दाखवण्यात आले होते की, उत्तरेकडील स्वतंत्र कृष्णवर्णीयांमध्ये वेडाचे प्रमाण दक्षिणेतील गुलामांपेक्षा कितीतरी अधिक आहे. गुलामगिरीच्या समर्थकांनी लगेच निष्कर्ष काढला की स्वातंत्र्य या लोकांना मानवतच नाही! स्मिथ यांनी तेच आकडे घेऊन दाखवून दिले की, ज्या गावांत एकही कृष्णवर्णीय राहत नव्हता त्या गावांतसुद्धा ‘वेडे कृष्णवर्णीय’ नोंदवले गेले होते. बातमी घेऊन आलेल्याची शहानिशा करा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचे नुकसान करून बसाल, ही सूरह अल-हुजुरातची ताकीद आपण वाचतो. येथे तर साक्षात सरकारी जनगणना खोटी बातमी घेऊन आली होती आणि ती तपासणारा माणूस गुलामीत जन्मलेला होता.

विद्यापीठाच्या कथेची ही उजळ बाजू झाली. दुसरी बाजू सप्टेंबर 2018 मध्ये त्याने स्वतःच जगासमोर ठेवली. जुनी दप्तरे, देणग्यांच्या वह्या आणि मृत्युपत्रे तपासून सिद्ध केलेल्या अहवालात मान्य करण्यात आले की, गुलामगिरीला विरोध करणाऱ्या या संस्थेने गुलामगिरीतून मिळवलेल्या पैशाच्या देणग्या मात्र स्वीकारल्या होत्या. त्या लाभाचे आजचे मूल्य मोजणीच्या निरनिराळ्या पद्धतींनुसार सुमारे 1 कोटी 67 लाख पौंडांपासून 19 कोटी 80 लाख पौंडांपर्यंत भरते. तोंडाने निषेध आणि हाताने स्वीकार! ऑगस्ट 2019 मध्ये विद्यापीठाने वेस्ट इंडीज विद्यापीठाशी करार केला आणि कॅरिबियन प्रदेशाच्या विकासावरील संयुक्त संशोधनासाठी वीस वर्षांत 2 कोटी पौंड उभे करण्याचे ठरवले. 2021 मध्ये विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी बांधलेल्या भव्य नव्या इमारतीला जेम्स मॅक्यून स्मिथ यांचे नाव देण्यात आले.

वाचकहो, हा सगळा वृत्तान्त इस्लामी मासिकात कशासाठी, असे कोणी म्हणेल. याचे कारण प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या शिकवणीत आहे. ज्याने आपल्या भावाच्या अब्रूवर किंवा अन्य कशावर अन्याय केला असेल, त्याने तो आजच मिटवून घ्यावा, कारण असा एक दिवस येणार आहे की ज्या दिवशी दिनार-दिरहम चालणार नाहीत, या आशयाची हदीस सहीह बुखारीत आहे. आपल्या धर्मशास्त्रज्ञांनी पश्चात्तापाच्या अटी सांगताना माणसांच्या हक्कांचा प्रश्न वेगळा काढला आहे. अल्लाहच्या हक्कात चूक झाली तर पश्चात्ताप आणि क्षमायाचना आहे, परंतु माणसाचा हक्क बुडवला असेल तर तो परत केल्यावाचून तौबा पूर्ण होत नाही. या कसोटीवर 2 कोटी पौंड पुरेसे आहेत काय? मूळ लाभाची वरची मर्यादा पाहता ही रक्कम तिच्या जेमतेम दहाव्या भागाएवढी आहे, आणि ज्यांचा हक्क होता ते तर केव्हाच मातीआड झाले. तरीही आपली वही आपणच उघडून लोकांपुढे ठेवणे ही लहान गोष्ट नव्हे. सूरह अन-निसामध्ये श्रद्धावंतांना आदेश आहे की, न्यायावर ठाम राहा, अल्लाहसाठी साक्ष द्या, मग ती साक्ष तुमच्या स्वतःच्या, माता-पित्यांच्या किंवा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. हा आदेश आपल्याला मिळालेला आहे. त्याचा एक अंश दुसऱ्यांनी पाळलेला दिसला तर त्याची कदर करणे हे आपल्या ईमानाशी सुसंगतच आहे.

मात्र सोहळा आणि समता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. 2021 मध्ये त्याच ग्लासगो विद्यापीठाने आपल्या आवारातील वंशद्वेषाचा एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यासाठी झालेल्या सर्वेक्षणात उत्तरे देणाऱ्या अल्पसंख्याक वंशांच्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांनी सांगितले की, शिक्षण सुरू केल्यापासून आपला वांशिक छळ झाला आहे. कुलगुरूंनी क्षमा मागितली. म्हणजे एका हाताने इमारतीला कृष्णवर्णीय डॉक्टरांचे नाव दिले जात असताना त्याच आवारात त्यांच्याच वंशाचा विद्यार्थी टोमणे सोशीत होता. ब्रिटनमध्ये कायद्याची उणीव नाही. स्टीफन लॉरेन्स या कृष्णवर्णीय तरुणाची 1993 मध्ये हत्या झाली, तिच्या पोलीस तपासाची चौकशी करणाऱ्या समितीने 1999 मध्ये संस्थांच्या अंगी मुरलेल्या वंशद्वेषावर बोट ठेवले आणि त्यानंतर 2000 च्या कायद्याने विद्यापीठांसह सार्वजनिक संस्थांवर वांशिक समता वाढवण्याचे कर्तव्य घालण्यात आले. 2010 च्या समता कायद्यात ते आणखी व्यापक झाले. एवढे असूनही कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना वरच्या श्रेणीची पदवी मिळण्याचे प्रमाण गोऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा कमी आहे, आणि प्रवेशाच्या वेळचे गुण सारखे असले तरीही हा फरक पुरता मिटत नाही.

कायदा अंगणापर्यंत पोहोचतो, अंतःकरणापर्यंत पोहोचायला दुसरे काही लागते. मदीनेच्या मशिदीत एक कृष्णवर्णीय स्त्री झाडलोट करीत असे. ती वारली तेव्हा लोकांनी तिचे दफन केले आणि एवढ्याशा गोष्टीसाठी प्रेषितांना कशाला त्रास द्यावा, असे समजून त्यांना कळवले नाही. काही दिवस ती दिसली नाही तेव्हा प्रेषितांनी (स.) आपण होऊन तिची विचारपूस केली. ती वारल्याचे समजताच, मला का कळवले नाही, असे विचारून तिची कबर दाखवावयास सांगितले आणि तेथे जाऊन तिच्यासाठी प्रार्थना केली. सहाबांच्या मनात द्वेष मुळीच नव्हता. त्यांना फक्त ती बाब किरकोळ वाटली. आजच्या विद्यापीठांतही पुष्कळदा दुखते ते हेच. शिवी दिली तर तक्रार करता येते, पण किरकोळ समजले गेल्याची तक्रार कोठे करावी?

आता असबियतच्या शंकेकडे वळू. हदीससंग्रहांत आले आहे की, माणसाने आपल्या लोकांवर प्रेम करणे ही असबियत आहे काय, असे प्रेषितांना (स.) विचारण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि सांगितले की, आपल्या लोकांना अन्यायात साथ देणे म्हणजे असबियत. ही व्याख्या इतकी स्वच्छ आहे की तिच्यावर वेगळे भाष्य नको. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचा इतिहास सांगणे या व्याख्येत बसत नाही. हां, उद्या कोणी व्यासपीठावरून असे म्हणू लागला की काळा रंग हाच श्रेष्ठत्वाचा पुरावा आहे, तर तेथे आपला रस्ता वेगळा होतो. अखेरच्या हजच्या दिवसांतील प्रवचनात प्रेषितांनी (स.) अरबाला अरबेतरावर, अरबेतराला अरबावर, गोऱ्याला काळ्यावर आणि काळ्याला गोऱ्यावर श्रेष्ठत्व नाकारले आणि ईशभय हाच एक निकष ठेवला. हा नकार चारही दिशांनी आहे, हे विसरता कामा नये.

राहिला प्रश्न मुस्लिमेतरांनी योजलेल्या उपक्रमात सामील होण्याचा. प्रेषितत्वापूर्वी मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी काही लोकांनी पीडितांचा हक्क मिळवून देण्याची शपथ घेतली होती. ‘हिल्फुल फुजूल’ या नावाने ती प्रसिद्ध आहे. प्रेषित (स.) त्या वेळी तेथे हजर होते आणि पुढे, इस्लामच्या काळातही मला अशा करारासाठी बोलावले तर मी जाईन, असे ते म्हणत. तेव्हा व्याख्यानाला जाण्यास, प्रदर्शनात काम करण्यास, अन्यायाविरुद्धच्या निवेदनावर सही करण्यास आपल्या मुलांना अडचण नसावी. जेथे मद्य किंवा अश्लील करमणूक असेल तेथून त्यांनी बाजूला व्हावे. हे त्यांना वेगळे सांगण्याची गरज नसावी.

परंतु आपली मुले तेथे जाऊन सांगणार काय? हजरत बिलाल (रजि.) यांचे नाव प्रत्येक मुस्लिम मुलाला ठाऊक असते आणि बहुतेकांची पुंजी तेथेच संपते. त्यांचीही कथा आपण तापलेल्या वाळूपाशी सोडून देतो. मक्का-विजयाच्या दिवशी ते काबागृहावर चढून अजान देऊ लागले तेव्हा कुरैशच्या काही मानकऱ्यांनी त्यांच्या रंगावरून हिणकस उद्गार काढले. माणसांना एका पुरुषापासून व एका स्त्रीपासून निर्माण केल्याचे सांगणारी सूरह अल-हुजुरातची आयत याच प्रसंगी अवतरली, असे काही तफ्सीरकारांनी नोंदवले आहे. बिलाल (रजि.) यांच्यानंतरच्या पिढीत अता बिन अबी रबाह (रह.) होऊन गेले. ते कृष्णवर्णीय होते आणि मुक्त केलेल्या गुलामांच्या वर्गातून आले होते. हजच्या दिवसांत मक्केत फतवा देण्याचा अधिकार अता यांचा, असे जाहीर केले जाई. मस्जिदे हराममधील त्यांच्या अध्यापन-वर्तुळात इमाम अबू हनीफा (रह.) यांच्यासारखे विद्यार्थी बसले. ज्या हनफी परंपरेनुसार आपल्यापैकी अनेकजण नमाज अदा करतात, तिच्या इमामांचे हे गुरू होत.

अमेरिकेच्या इतिहासातही आपले बांधव आहेत. उमर बिन सईद हे आजच्या सेनेगलमधील फूता तोरो प्रदेशातील विद्वान होते. पंचवीस वर्षे त्यांनी विद्याभ्यास केला होता. 1807 मध्ये त्यांना पकडून जहाजाने चार्ल्सटन बंदरात आणून विकण्यात आले. 1831 साली, उत्तर कॅरोलायनात गुलामीत असतानाच, त्यांनी अरबी भाषेत आपले आत्मचरित्र लिहिले. त्याचा आरंभ त्यांनी सूरह अल-मुल्कने केला. सारी सत्ता अल्लाहच्या हाती असल्याची घोषणा करणारी ही सूरह, आणि लिहिणारा कायद्याने दुसऱ्याच्या मालकीचा! ते हस्तलिखित 2017 पासून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे आणि त्याची छायाचित्रे कोणालाही पाहता येतात. ऑक्टोबरच्या प्रदर्शनासाठी आपल्या विद्यार्थ्यांना याहून चांगले साहित्य शोधावे लागणार नाही.

मात्र स्वतःविरुद्ध साक्ष देण्याचा आदेश येथेही लागू होतो. आफ्रिकेतील माणसे पकडून विकण्याचा व्यापार मुस्लिम म्हणवणाऱ्यांनीही शतकानुशतके केला, हिंदी महासागरातून केला, सहारा ओलांडून केला. टिंबक्टूचे थोर विद्वान अहमद बाबा (1556–1627) यांना मोरोक्कोच्या सैन्याने कैद करून माराकेशला नेले, त्यांचा ग्रंथसंग्रह लुटला गेला. ही फौज मुस्लिम सुलतानाची होती. काळा रंग म्हणजे गुलामगिरीचे चिन्ह, ही समजूत त्या काळी उत्तर आफ्रिकेत बळावत चालली होती. हजरत नूह (अ.) यांच्या एका पुत्राला मिळालेल्या शापामुळे त्याची संतती काळी व गुलाम झाली, ही दंतकथाही त्यासाठी सांगितली जाई. टिंबक्टूला परतल्यानंतर अहमद बाबा यांनी 1615 च्या सुमारास लिहिलेल्या प्रबंधात ही कथा खोडून काढली आणि रंग हे कोणालाही गुलाम करण्याचे कारण होऊ शकत नाही, हे धर्मशास्त्राच्या आधाराने मांडले. गुलामगिरीच रद्द करा, असे त्यांनी म्हटले नाही, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. आपले विद्यार्थी सभेत उभे राहून केवळ इस्लामचा गौरव सांगतील आणि या व्यापाराबद्दल मौन पाळतील, तर श्रोत्यांतील एखादा आफ्रिकी विद्यार्थी त्यांना प्रश्न विचारील आणि तो प्रश्न योग्यच असेल.

हा इतिहास महाराष्ट्राला परका नाही. इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला एक मुलगा दख्खनला आला आणि मलिक अंबर म्हणून निजामशाहीचा कारभारी झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. शहराला पाणी पुरवणारी नहर त्याने बांधली, त्याची जमीन-महसुलाची व्यवस्था नावाजली गेली आणि 1626 मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने मोगलांना झुंजवले. त्याची कबर खुलताबादला आहे. मुरूडजवळचा जंजिरा तर सिद्दींनीच शतकानुशतके राखला. असे असूनही आपल्या घरांतून ‘हबशी’ हा शब्द आजही हिणवण्यासाठी वापरला जातो आणि सून शोधताना पहिली चौकशी रंगाची होते.

पुणे व अन्य शहरांतील महाविद्यालयांत सुदान, सोमालिया, नायजेरिया या देशांतले विद्यार्थी शिकतात. त्यांतील कित्येक मुस्लिम आहेत आणि जुम्याच्या नमाजमध्ये आपल्या शेजारी उभे राहतात. त्यांना खोली भाड्याने देताना मालक, काही वेळा आपलाच बांधव, आधी होकार देतो आणि चेहरा पाहिल्यावर खोली गेल्याचे सांगतो. हजरत अबू जर (रजि.) यांनी रागाच्या भरात एकाला त्याच्या आईवरून हिणवले. तो माणूस बिलाल (रजि.) होते, असे काही वृत्तांत सांगतात. तुमच्यात अजून जाहिलियत शिल्लक आहे, असे प्रेषितांनी (स.) अबू जर यांना ऐकवले. तुमच्या हाताखालचे लोक तुमचे भाऊ आहेत, जे स्वतः खाता तेच त्यांना खाऊ घाला आणि जे स्वतः नेसता तेच त्यांना नेसवा, असेही सांगितले. पुष्कळ वर्षांनी रबजा येथे अबू जर एका माणसाला भेटले, तेव्हा त्यांच्या अंगावर आणि त्यांच्या सेवकाच्या अंगावर एकाच प्रकारचे वस्त्र होते. त्या माणसाने कारण विचारले, तेव्हा त्यांनी स्वतःच्या चुकीची ही हकीकत त्याला सांगितली.